एरल पॅस्कोचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे. एकटाच आहे, उजव्या पायाचा. डावा कुठे गेला असं विचारू नका, मित्रांनो, कारण मला जोडीदार असा कधी नव्हताच. डावे बूट दुकानातून यायचे, दोन-तीन हंगाम चालायचे आणि उसवले की टाकून दिले जायचे. मी मात्र एकाच माणसाच्या एकाच पायासाठी जन्माला आलो. त्या माणसाचं नाव एरल पॅस्को.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या यारागुल गावचा. चहूकडे गहू आणि मेंढ्या, मधे एक रुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर हॉरी पॅस्कोचं खोगिरं शिवायचं दुकान. हॉरी म्हणजे एरलचे वडील. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तरी त्या दिवशी फार बोललो असं त्यांना वाटे. एकुलत्या एका मुलाने आपल्या शेजारी बसून खोगिरं शिवावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. पण पोराचे हात आरीवर आणि डोळे खिडकीबाहेरच्या मैदानावर. रग्बीच्या मैदानावर तो दहा नंबरची जर्सी घालून उभा राहिला की गावातली म्हातारी माणसंसुद्धा बोलणं थांबवून बघत. रग्बीत दहा नंबरचा खेळाडू, म्हणजे फ्लाय-हाफ, संघाचं डोकं असतो. चेंडू धक्काबुक्कीतून बाहेर आला की पहिला त्याच्याकडे येतो. पळायचं, फेकायचं की लाथाडायचं, हे त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं. एरलला ते ठरवावंच लागत नसे. त्याला ते दिसत असे.

सिडनीच्या एका मोठ्या क्लबाने त्याला बोलावलं तेव्हा हॉरी आठवडाभर गप्प होते. मग एका संध्याकाळी त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "पाय दे इकडे. उजवा."

"डॅड, सिडनीत बूट मिळतात की."

"मिळतात. पण ते चालायसाठी केलेले असतात. तुला चेंडू मारायचाय."

झालं. त्यांचं परवानगी देणं हे एवढंच. कांगारूचं मऊ, चिवट कातडं त्यांनी पाण्यात भिजवलं, फर्म्यावर ताणलं, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. माझं नाक त्यांनी चौकोनी आणि कडक केलं, आत चामड्याचे थर घालून, कारण त्या काळी चेंडू सरळ धावत येऊन चवड्याने मारत. शेवटी मला हातात धरून त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिलं. चांगला झालाय, असं ते म्हणाले नाहीत. पण मला खाली ठेवताना त्यांनी ज्या सावकाशीने ठेवलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

एरलबरोबर सिडनीला गेला त्याचा जिवलग मित्र लेस कडमोर. केस तांबडे भडक, म्हणून सगळे त्याला ब्लू म्हणत. आमच्याकडे टोपणनावं द्यायची तऱ्हा अशीच उलटी आहे. ब्लू नऊ नंबरचा खेळाडू. बुटका, चिवट, तोंडाने अखंड चालू. गर्दीच्या पायांतून चेंडू उपसून काढायचा आणि न बघता मागे फेकायचा, हे त्याचं काम. आणि तो चेंडू जिथे पडेल तिथे हजर असायचं, हे एरलचं. शाळेपासून दोघांचं हे चाललं होतं. दोघं दिवसा गोदीत लोकरीचे गठ्ठे उचलत आणि संध्याकाळी सराव करत. खेळायचे पैसे तेव्हा कुणालाच मिळत नसत.

"लेका, तू जर्सी धुतोस तरी का कधी?" ब्लू मैदानात ओरडायचा. "तुझी जागा मला वासावरून कळते!"

"मग नीट हुंग. मागचा चेंडू हातभर लांब होता."

मित्रांनो, ती वर्षं माझ्या भरभराटीची. चिखल, दव, थंडीतलं गोठलेलं गवत, सगळं मी पाहिलं. टाच मातीत रोवून एरल खळगा करायचा, त्यात चेंडू उभा करायचा, चार पावलं मागे जायचा. मग एक क्षण सगळं शांत व्हायचं. आणि मग मी! चेंडू दोन उंच खांबांच्या मधून वरवर जायचा आणि लोक उभे राहायचे. सामना संपल्यावर एरल मला स्वतःच्या हाताने पुसायचा, चरबी चोळायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचा. दरवर्षी सुट्टीत गावी गेलो की हॉरी न बोलता मला उलटं करून पाहत आणि झिजलेला तळ बदलून देत.

पण त्या वर्षांत आणखी एक गोष्ट चालू होती. तेव्हा ती कुणालाच गोष्ट वाटली नाही. संघाचं डोकं असणाऱ्याला पाडायला समोरचे सगळे टपलेले असतात. एरल किती वेळा पडला असेल! कधी गुडघा कानशिलावर, कधी खांदा हनुवटीवर. कधी नुसतंच डोकं जमिनीवर आपटायचं. मग क्लबाचा माणूस बादली घेऊन धावत यायचा, मानेवर गार पाण्याचा स्पंज पिळायचा आणि विचारायचा, "काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे," असं एरल म्हणायचा. दर वेळी. मला मात्र आत त्याची बोटं कळायची. ती काही क्षण जमीन शोधत असायची. टाळ्या वाजायच्या. पेपरात त्याला पोलादी डोक्याचा म्हणायचे, आणि ब्लू ते कात्रण कपाटावर चिकटवायचा.

मग एरलला ऑस्ट्रेलियाची सोनेरी जर्सी मिळाली. ब्लूला मिळाली नाही. निवडीची बातमी आली तेव्हा ब्लू क्षणभर खिडकीशी गेला, मग वळला आणि म्हणाला, "जा गड्या. कुणीतरी इथे थांबून बिअर सांभाळायला हवीच."

त्या जर्सीत एरल मोजकेच सामने खेळला. त्यातला न्यूझीलंडविरुद्धचा सामना लोक अजून सांगतात. उत्तरार्ध सुरू झाला आणि त्यांचा एक धिप्पाड गडी एरलवर येऊन आदळला. एरल उताणा पडला. मी पायात होतो, आणि त्या पायात काही जीवच नव्हता. स्पंज आला. एरल उठला, डुलत डुलत जागेवर गेला. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. तो बाहेर गेला असता तर संघ एकाने कमी झाला असता. शेवटची मिनिटं होती, दोन्ही संघ बरोबरीत. चेंडू त्याच्या हातात आला, त्याने तो सोडला, जमिनीवरून उसळताक्षणी मी त्याला भिडलो आणि तो खांबांमधून पार झाला. लोकांनी एरलला खांद्यावर घेतलं.

रात्रीच्या जेवणात ब्लूने त्याला मिठी मारली. "काय मारलास रे! काय वाटलं तेव्हा?"

एरल बटाट्याकडे बघत होता. "कधी?"

"अरे कधी म्हणजे? शेवटचा गोल!"

"आपण जिंकलो?" एरलने विचारलं.

सगळे टेबल बडवून हसले. फार मोठा विनोद झाला होता. एरलही हसला. पण तो दिवस त्याला पुढे कधीच आठवला नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तो त्याला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागे. लोक हौसेने सांगत, तो मान डोलवत ऐके, परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तसा.

पुढे गुडघा गेला आणि खेळ संपला. त्याच हिवाळ्यात हॉरीही गेले. एरल यारागुलला परतला. खोगिरांना आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून त्याने दुकानात शेतीची अवजारं ठेवली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या कोरलीशी लग्न केलं. कोरली गावातल्या सगळ्यांचे आवाज ओळखायची आणि कुणी कुणाला काय म्हणालं ते कधी सांगायची नाही. त्यांना मूल झालं नाही. ब्लूही बायको-मुलासह गावी आला होता. त्याचा मुलगा ग्लेन अर्धा वेळ एरलच्या घरीच असायचा.

एरल गावच्या क्लबाचा कोच झाला. मला वाटलं होतं, आता मी खुंटीवर धूळ खाणार. पण सरावाला तो मलाच घालायचा. कोच म्हणून तो ओरडत नसे. पोरांना डोळे मिटून उभं करायचा आणि नुसत्या पावलांच्या आवाजावरून कोण कुठे आहे ते सांगायला लावायचा. "डोळ्याला एकच बाजू दिसते," तो म्हणायचा. "कान सगळीकडे असतात." पोरं आधी हसली, मग शिकली. गहू कापून, मेंढ्यांची लोकर उतरवून दमलेली पोरं दर मंगळवारी, गुरुवारी दिव्याखाली जमायची. बायका क्लबात स्कोन नावाचे छोटे पाव आणि चहा ठेवायच्या. वर्षांमागून वर्षं गेली. संघ कधी हरला, पुष्कळदा जिंकला. त्यात ग्लेन वाढला, वडिलांसारखा तांबडा आणि एरलसारखा शांत. दहा नंबरची जर्सी त्याच्या अंगावर आली तेव्हा ब्लू कुंपणाशी उभा राहून रडला होता. नाकात धूळ गेली म्हणाला.

आता मी तुम्हाला त्या अंतिम सामन्याचं सांगतो. ते सांगताना माझी शिवण अजून ताणते.

जिल्ह्याचा अंतिम सामना होता. सगळं यारागुल लोटलं होतं. सिडनीहून दोन निवड करणारी माणसं खास ग्लेनला बघायला आली होती आणि ब्लूने त्यांना स्वतः खुर्च्या पुसून दिल्या होत्या. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला मिळणार, या आशेने तो सकाळपासून जेवला नव्हता. आपण दोन गुणांनी पुढे होतो. थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात ग्लेन एका सुटलेल्या चेंडूवर झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कपाळावर बसला.

तो उठला. स्पंज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एरल बाजूच्या रेषेवरून आत धावला, मला चिखलात रुतवत.

"ग्लेन, माझ्याकडे बघ. बरा आहेस?"

"बरा आहे, कोच."

"कुणाशी खेळतोय आपण?"

ग्लेन हसला. "कोच, आपला पूर्वार्ध झाला का?"

"मी काय विचारलं?"

"आपला पूर्वार्ध झाला का?" ग्लेनने पुन्हा विचारलं, तसंच हसून.

एरलने हात वर केला आणि बदली खेळाडू मागितला. एकदा बाहेर काढलेल्या जखमी खेळाडूला परत आत येता येत नव्हतं. ब्लू कुंपण ओलांडून आला.

"काय करतोयस? तो उभा आहे! चालतोय!"

"मीही चाललो होतो, ब्लू."

"तू जिंकून दिलंस! तो तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता!"

"असेल," एरल म्हणाला. "तुम्ही सांगता म्हणून मला माहीत. मी तिथे नव्हतो. या पोराचा दिवस मी असा हरवू देणार नाही."

"दोन माणसं सिडनीहून आलीत, एरल. तुझ्या पाया पडतो. दहा मिनिटं राहू दे त्याला."

"नाही."

"पोरं असती तुला तर कळलं असतं," ब्लू म्हणाला.

एरलने ग्लेनला धरून बाहेर आणलं. एवढंसं अंतर, पण मला ते संपता संपेना. बदली आलेल्या पोराने शेवटी सोपी किक चुकवली, समोरच्यांनी त्यांची मारली, आणि आपण एका गुणाने हरलो. सिडनीची माणसं चहासुद्धा न घेता गेली.

त्या दिवसानंतर ब्लू एरलशी बोलला नाही. दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. गावानेही सोडलं नाही. "म्हातारा घाबरला" असं पबमध्ये चालायचं. पुढच्या हंगामात क्लबाने दुसरा कोच नेमला. एरलला कुणी जा म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सवयीने त्याने मला पायात चढवलं, आणि मग पायरीवरच बसून राहिला. मैदानातून शिट्टी ऐकू येत होती. कोरली बाहेर आली, शेजारी बसली. दिवे विझेपर्यंत दोघं तिथेच होती.

ग्लेन नंतर कधी सिडनीला गेला नाही. तो शाळेत शिक्षक झाला. एरलच्या घरी तो मागच्या दाराने येत राहिला, वडिलांना कळू न देता. एकदा म्हणाला, "कोच, तुम्ही केलंत ते बरोबर होतं." एरल नुसता हसला आणि म्हणाला, "तुझ्या बापाला सांगू नकोस. त्याला राग हवाय. राग गेला तर त्याच्याकडे दुःखच उरेल."

मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. कोरलीच्याही आधी, डॉक्टरांच्याही आधी. बागेत काम करताना एरल मला घालायचा, आणि माझ्या नाड्या चुकीच्या भोकांतून जायला लागल्या. एक भोक सुटायचं. मग दोन. ज्या बोटांनी हजारदा मला डोळे मिटून बांधलं होतं, ती मधेच थांबायची, जणू कुणीतरी वाट पुसून टाकली होती. त्याचं पाऊल आखूड झालं. तो पाय घासत चालायला लागला. एक दिवस त्याने मला डाव्या पायात घालायचा प्रयत्न केला, होईना, तेव्हा मला भिंतीवर फेकलं आणि मग उचलून छातीशी धरून बसला. तो तेव्हा साठीलाही पोचला नव्हता.

डॉक्टरांनी कोरलीला सांगितलं की डोक्याला बसलेल्या माराची ही उशिरा आलेली वसुली असू शकते. त्यानंतर कोरली रोज सकाळी त्याच्यासमोर गुडघे टेकून माझ्या नाड्या बांधायची. "घट्ट झाली का रे?" ती विचारायची. तो तिच्या केसांवर हात ठेवायचा. कधी तिला नावाने हाक मारायचा, कधी "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात" म्हणायचा. ते ऐकलं की ती गाठ जरा जास्त वेळ बांधत बसायची, चेहरा खाली करून.

ग्लेनने शेवटी बापाला सगळं सांगितलं. तो घरी येत होता तेही, आणि एरलला काय झालंय तेही. दुसऱ्या दिवशी ब्लू आला. तांबडे केस पांढरे झाले होते. कोट घालून आला होता, चर्चला जाताना घालायचा तो. फाटकाशी तो बराच वेळ उभा राहिला. एरल व्हरांड्यात बसला होता, मी त्याच्या पायात होतो.

"एरल," ब्लू म्हणाला. "मी त्या दिवशी तुला जे बोललो—"

एरलने वर पाहिलं. आणि मित्रांनो, त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "ब्लू! लेका, होतास कुठे? बूट घाल! सगळे खोळंबलेत!"

"एरल, ऐक. मला माफ कर. पोराच्या बाबतीत तू बरोबर होतास. मी तुला पोरं नसल्याचं बोललो. ते बोलायला नको होतं."

"कुणाचा पोरगा?" एरलने प्रेमाने विचारलं. "तुझं लग्न कधी झालं? अरे, मला बोलावलं नाहीस?"

ब्लू पायरीवर खाली बसला. इतकी वर्षं जे भांडण त्याने जपलं होतं, ते एरलकडे उरलंच नव्हतं. ज्याने माफ करायचं तो हजर होता, हसत होता, खांद्यावर हात टाकत होता. पण त्या दिवशी मैदानावर उभा राहिलेला एरल कधीच निघून गेला होता. ब्लू दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. एरल घाबरला आणि पुन्हा पुन्हा विचारू लागला, "बरा आहेस ना? काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे," ब्लू म्हणाला.

त्यानंतर तो रोज यायचा. चहा व्हायचा, सिडनीच्या गोष्टी व्हायच्या. एरलला तो विशीतला ब्लू वाटायचा आणि ब्लूही मग विशीतलाच व्हायचा, खोटं खोटं. पुढच्या थंडीत एरल गेला. क्लबाने ध्वज अर्ध्यावर उतरवला, भाषणं झाली, न्यूझीलंडच्या सामन्यातला तो गोल पुन्हा एकदा सांगितला गेला. ग्लेन उठला आणि म्हणाला, "मी त्यांचा न जिंकलेला सामना सांगतो." आणि त्याने सांगितला. लोक खाली बघत होते.

कोरलीने मला ब्लूला देऊन टाकलं. आता मी त्याच्या स्वयंपाकघरात खिडकीत असतो. कातडं तडकलंय, जीभ वाळलीय. ब्लू दर रविवारी मला चरबी चोळतो. आणि चोळता चोळता तो मला सांगतो, मी काय बोललो, का बोललो, किती वर्षं बोललो नाही. मग थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

मित्रांनो, मैदानात पडलेला कुणी "बरा आहे" म्हणाला तर तेवढ्यावर विसंबू नका. त्याच्या डोळ्यांत बघा, त्याला हाताला धरून बाहेर आणा, सामना गेला तरी चालेल. आणि कुणावर रागावला असाल तर त्याच्या दारात आजच जा, त्याला तुम्ही आठवता आहात तोवर. ब्लू माझ्याकडे माफी मागतो. मी ऐकून घेतो. पण मी बूट आहे, मित्रांनो. मला माफ करता येत नाही.